वरच्या वर्गातला बॅले आणि घरातली लादी

रविवारी सकाळी मागच्या गल्लीतली एक आई बारा वर्षांच्या लेकीला घेऊन माझ्या दारात आली. "सिस्टर, जयभीम. हिची नडगी जरा बघता का? रात्री सराव झाला की पाय धरून बसते." मुलगी लंगडत नव्हती, पण उंबऱ्याची पायरी चढताना ओठ दाबून चढली. मी नडगीच्या आतल्या कडेवरून बोट फिरवलं. वीतभर जागा दुखत होती, दोन्ही पायांना सारखीच.

ही मुलगी दोन वर्षं बॅले शिकते. क्लासवाल्यांनी तिची फी माफ केली आहे. या जूनपासून तिला वरच्या बॅचमध्ये घातलं. तिथल्या बाकीच्या मुली पाच-सहा वर्षं शिकणाऱ्या. शिक्षिका म्हणाल्या, "तुला घरी सराव करावा लागेल." घरी म्हणजे काय आणि किती, हे कोणी सांगितलं नाही, आणि हिनंही विचारलं नाही. मग जेवणं झाली, भांडी झाली की दहा बाय दहाच्या खोलीत मोबाईल उभा करून हिचा सराव सुरू. व्हिडिओ बघून लादीवर दोनशे उड्या. जुने कॅनव्हासचे बूट घालून बोटांच्या टोकांवर उभं राहायचा प्रयत्न. शेवटी पाय फाकवून बसायचं आणि धाकट्या भावाला मांडीवर बसवून घ्यायचं, म्हणजे पाय "उघडतात". दीड महिना हे चाललं होतं.

आईनं विचारलं, "सिस्टर, क्लास बंद करू का?" मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं.

मी म्हटलं, "क्लास बंद करू नकोस. सराव बदल."

बॅलेच नव्हे, लेझीम, कथक, कबड्डी, कराटे, कशातही मूल वरच्या गटात गेलं की हेच घडतं. मागे पडण्याच्या भीतीनं मुलं घरी नेमकं तेच करायला जातात, जे घरी करू नये. म्हणून या वेळी हा विषय. मी नाच शिकलेली नाही. पण हाडं, सांधे आणि स्नायू यांच्याशी माझा रोजचा संबंध आहे. शिवाय या मुलीसाठी तिच्या शिक्षिकेशी बसून बोलले, तेव्हा बऱ्याच गोष्टी समजल्या.

वरच्या वर्गात अवघड काय होतं?

बॅले हा युरोपातला नाच. इटलीच्या राजदरबारांत सुरू झाला आणि फ्रान्समध्ये वाढला. फ्रान्सचा राजा चौदावा लुई यानं १६६१ साली नृत्याची अकादमी स्थापन केली. तेव्हापासून स्टेपची नावं फ्रेंचच राहिली. मुंबईत शिका, मॉस्कोत शिका, शब्द तेच. गुडघे वाकवणं म्हणजे प्लिए. जमिनीवरून पाय सरकवत लांब ताणणं म्हणजे तांद्यू. टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं म्हणजे रेलेव्हे. क्लासची सुरुवात 'बार'ला होते. हा शब्द मुलीच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला तेव्हा या आईच्या पोटात गोळा आला होता. पण हा बार म्हणजे भिंतीशी लावलेला, कमरेच्या उंचीचा लाकडी दांडा. त्याला हलका हात लावून तोल सांभाळायचा.

वरच्या वर्गात चार गोष्टी बदलतात.

पहिली, शिक्षिका एकदाच दाखवतात. पाच-सहा स्टेपची साखळी सांगतात आणि संगीत सुरू होतं. नाव ऐकल्याबरोबर पाय हलला पाहिजे.

दुसरी, दांड्याचा आधार सुटतो. खोलीच्या मधोमध तेच सगळं करायचं असतं.

तिसरी, एका पायावर उभं राहण्याचा वेळ वाढतो.

चौथी, उड्या वाढतात.

आमच्या मुलीला वाटत होतं की ती उड्यांमध्ये कमी पडते. शिक्षिकेला विचारलं तर त्यांचं उत्तर वेगळं आलं. म्हणाल्या, "तिला नावं पटकन आठवत नाहीत. ती दुसरीकडे बघून करते, म्हणून एक ठेका मागे राहते. आणि एका पायावर घोटा डगमगतो." म्हणजे तिची खरी अडचण पहिल्या आणि तिसऱ्या गोष्टीत होती. सराव मात्र ती चौथीचा करत होती.

या चारांपैकी पहिल्या तीन गोष्टी आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत, शेजाऱ्यांना त्रास न देता, पैसा न लावता सुधारता येतात. चौथी, म्हणजे उडी, क्लासमध्येच करायची. त्याचं कारण पायाखाली आहे.

लादी आणि नाचाची जमीन

नाचाच्या चांगल्या वर्गात जमीन लाकडी असते आणि खाली पोकळी किंवा रबर असतं. पाय पडला की ती जमीन किंचित दबते आणि धक्का स्वतःकडे घेते. आपल्या घरात लादी, कोबा नाहीतर शहाबादी. ती दबत नाही. उडी मारून खाली येताना पायावर शरीराच्या वजनाच्या काही पट भार येतो. जमीन तो घेणार नसेल तर नडगी, घोटा, गुडघा आणि कंबर यांनाच घ्यावा लागतो. रोज दोनशे उड्या म्हणजे दोनशे धक्के.

हाड ही जिवंत गोष्ट आहे. भार आला की ते आतून थोडं झिजतं आणि विश्रांतीत पुन्हा भरून निघतं, उलट आणखी मजबूत होतं. पण भरून निघायला वेळच दिला नाही तर आधी नडगीच्या कडेला सूज आणि दुखणं येतं. तरीही थांबलं नाही तर हाडाला केसाएवढा तडा जातो. अशा तड्याला बरं व्हायला कित्येक आठवडे, कधी महिने लागतात. एका महिन्याची घाई पुढच्या चार महिन्यांचा क्लास खाऊन टाकते.

सतरंजी किंवा गादी अंथरून उडी मारली तर चालेल का, असं आईनं विचारलं. चालणार नाही. सतरंजी लादीवर सरकते आणि गादीत पाय रुततो, घोटा मुरगळतो.

घरी करायचा पंचवीस मिनिटांचा सराव

आठवड्यात ज्या दिवशी क्लास नाही अशा तीन दिवशी हा सराव करावा. क्लासच्या दिवशी घरी फक्त वहीचं काम. एक दिवस पूर्ण सुट्टी. रविवारी एकदम दोन तास करण्यापेक्षा थोडं थोडं, दिवसाआड केलेलं शरीराच्या आणि मेंदूच्या जास्त लक्षात राहतं.

सराव अनवाणी किंवा बॅलेच्या मऊ बुटात करावा. नुसते मोजे घालून लादीवर सराव करू नये, पाय घसरतो. दांड्याच्या जागी स्वयंपाकाचा ओटा चालतो. प्लास्टिकची खुर्ची हलकी असते, कलंडते. तीच वापरायची तर भिंतीला टेकवून, वर पाण्याचा भरलेला हंडा ठेवून वापरा. आधाराला बोटं टेकवायची, अंगाचा भार टाकायचा नाही. जमीन पुसून कोरडी करा.

पहिली पाच मिनिटं, अंग गरम करणं. जागच्या जागी चालणं, खांदे फिरवणं, घोटे दोन्ही बाजूंना गोल फिरवणं, टाच-चवडा-टाच असं हळू पाय उचलणं. कपाळाला किंचित घाम यावा इतकंच.

पुढची आठ मिनिटं, पायांचं काम. दोन्ही पायांवर प्लिए, टाचा जमिनीवर ठेवून, आठ वेळा. वाकताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या वर राहिला पाहिजे, आत पडता कामा नये. हे आईनं समोर बसून बघावं, त्यासाठी नाच यावा लागत नाही. मग तांद्यू, पुढे, बाजूला, मागे, प्रत्येक पायानं आठ-आठ. मग रेलेव्हे, दोन्ही पायांवर दहा वेळा, थोडं थांबून पुन्हा दहा. वर जायला दोन आकडे, खाली यायला चार आकडे मोजा. खाली हळू येण्यातच पोटरीची ताकद वाढते. बॅलेतली उडी प्लिएतून सुरू होते आणि प्लिएतच संपते. त्यामुळे हे दोन प्रकार नीट केले की उडी न मारताही उडीची तयारी होते.

पुढची चार मिनिटं, तोल. एका पायावर तीस सेकंद उभं राहायचं, प्रत्येक पायावर तीन वेळा. सुरुवातीला ओट्याला बोट लावून, मग न लावता, मग डोळे मिटून. डोळे मिटताना ओट्याच्या अगदी जवळ उभं राहावं. सकाळी दात घासताना एका पायावर उभं राहण्याची सवय लावली तर वेगळा वेळही लागत नाही. मुरगळलेल्या घोट्याला डॉक्टरही बरं होताना हाच व्यायाम देतात.

पुढची तीन मिनिटं, खुबा आणि पोट. पाठीवर झोपून गुडघे वाकवून कंबर उचलायची, दहा वेळा. कुशीवर झोपून, गुडघे दुमडून, टाचा एकमेकींना चिकटवून वरचा गुडघा शिंपला उघडावा तसा उघडायचा, दोन्ही कुशींवर दहा-दहा. पाय बाहेर वळवणारे खोलवरचे स्नायू यानं तयार होतात.

शेवटची पाच मिनिटं, ताण देणं. पोटरी, मांडीचा पुढचा आणि मागचा भाग, खुबा. प्रत्येक ताण तीस सेकंद धरायचा, झटके द्यायचे नाहीत, श्वास रोखायचा नाही. ताण जाणवावा, कळ येऊ नये. थंड अंगावर, सरावाच्या आधी, ओढून ताण देऊ नये.

आणि वहीचं काम. शंभर पानी वहीत क्लासमधून आल्याबरोबर त्या दिवशीच्या साखळ्या लिहून काढायच्या. नाव मराठीत लिहा, शेजारी काडीचं माणूस काढा, किती ठोक्यांना काय ते लिहा. मग बसल्या जागी हातांनी ती साखळी करायची. डावा हात म्हणजे डावा पाय, उजवा हात म्हणजे उजवा पाय. मोठमोठे नर्तकही असं करतात. याला ते मार्किंग म्हणतात. शरीर न थकवता साखळी डोक्यात बसते. हे बसमध्ये, पाण्याच्या रांगेत उभं असतानाही करता येतं. आमच्या मुलीला सगळ्यात जास्त उपयोग याच वहीचा झाला.

झोपही सरावात मोजा. दिवसा शिकलेली हालचाल मेंदू झोपेत पक्की करतो. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना किमान नऊ तास आणि त्याहून मोठ्यांना आठ ते दहा तास झोप लागते. एकाच खोलीत राहणाऱ्यांनी रात्रीचा टीव्ही जरा लवकर बंद केला तरी लेकराला मोठी मदत होईल.

स्नायूंच्या ताकदीत फरक दिसायला सहा ते आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत काही दिसलं नाही म्हणून सराव दुप्पट करू नका.

घरी न करायच्या चार गोष्टी

एक, लादीवर उड्या. कारण वर सांगितलं.

दोन, बोटांच्या टोकांवर उभं राहणं. त्यासाठीचे खास बूट, ज्यांना पॉइंट शूज म्हणतात, ते पुढून कडक असतात आणि मापानं निवडून घ्यावे लागतात. काही वर्षं नीट शिकल्यानंतर, साधारण अकरा-बारा वर्षांच्या आत नाही, आणि घोटा व पोट पुरेसं मजबूत झाल्यावर शिक्षक ते देतात. या वयात पावलांची हाडं अजून पूर्ण तयार झालेली नसतात. साध्या बुटात, कोणी बघणारं नसताना हा प्रयोग कधीच करू नये. जुने, कोणी वापरलेले पॉइंट शूज स्वस्तात मिळाले तरी घेऊ नका. ते पहिल्या मुलीच्या पायाला बसलेले असतात.

तीन, पावलं जबरदस्तीनं बाहेर वळवणं. बॅलेत पाय बाहेरच्या बाजूला वळलेले असतात, त्याला टर्नआउट म्हणतात. हे वळण खुब्याच्या सांध्यातून यायचं असतं. खुब्याची खोबण प्रत्येकाची वेगळी, जन्मतः आलेली. एखादीची पावलं सरळ रेषेत येतात, एखादीची येत नाहीत. येत नसताना पावलं जमिनीवर घासून वळवली की गुडघा पिळला जातो आणि पावलाची कमान आत कोसळते. शेजारणीच्या पावलांकडे बघून आपली पावलं ठरवायची नाहीत.

चार, दुसऱ्यानं दाबून पाय फाकवणं. भाऊ मांडीवर बसला, मैत्रिणीनं पाठीवर दाब दिला, यानं स्नायू आणि सांध्याभोवतीचे बंध फाटतात. लवचीकपणा महिन्या-महिन्यानं येतो, वजनानं येत नाही.

कोणतं दुखणं चालतं, कोणतं नाही

नवा व्यायाम केला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांडी-पोटरी जड वाटते, दोन्ही बाजूंना सारखी दुखते आणि हालचाल केली की मोकळी होते. हे चालतं.

पण खालीलपैकी काही असेल तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. हाडावर एका बोटानं दाखवता येईल अशी नेमकी जागा दुखते. रात्री झोपेत किंवा नुसतं बसलेलं असतानाही दुखतं. सांधा सुजतो. लंगडावं लागतं. दुखणं एकाच बाजूला आहे आणि दिवसेंदिवस वाढतं. कंबर मागे वाकताना दुखते.

सुरुवातीच्या तड्यात एक्स-रे कधी कधी साफ येतो. त्यामुळे "एक्स-रे नॉर्मल आहे" म्हणून पुन्हा उड्या सुरू करू नका. दुखणं राहिलं तर पुन्हा दाखवा.

घोटा मुरगळणं ही बॅलेत एकाएकी होणाऱ्या दुखापतींमधली सगळ्यात नेहमीची. तेव्हा लगेच थांबायचं. कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा लावायचा. बर्फ थेट कातडीवर नको. क्रेप बँडेज बांधा, बोटं निळी पडणार नाहीत इतकंच घट्ट. पाय उशीवर उंच ठेवा. पहिले दोन दिवस तेलानं चोळणं, गरम शेक आणि ओढून "बसवून घेणं" नको. आपल्याकडे हेच आधी होतं आणि सूज दुप्पट होते. चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याच्या हाडावर दाबल्यावर कळ येत असेल तर एक्स-रे काढायला न्या.

आमच्या मुलीचं दुखणं वीतभर पसरलेलं होतं, एका बिंदूवर नव्हतं. तरी खात्रीसाठी मी तिला सरकारी रुग्णालयात हाडांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. तडा नव्हता. डॉक्टरांनी चार आठवडे उड्या बंद सांगितल्या. बाकीचा क्लास चालू ठेवायला हरकत नव्हती.

उंची वाढते तेव्हा

मुलींमध्ये साधारण अकरा ते चौदा आणि मुलग्यांमध्ये तेरा ते सोळा या काळात उंची झपाट्यानं वाढते. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून येतात. त्यामुळे काल जमणारा ताण आज जमत नाही, तोल जातो, गुडघ्याखालची पुढची गाठ किंवा टाच दुखू लागते. मुलांना वाटतं आपण बिघडलो. शिक्षक किंवा घरचे "आळशी झाली" म्हणतात. तो आळस नसतो, शरीर नव्यानं बांधलं जात असतं. दर महिन्याला दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं उंचीची खूण करा. उंची भराभर वाढत असेल त्या महिन्यांत सराव हलका ठेवा, ताकद आणि तोल यांवर भर द्या, ताण ओढू नका.

ताट, रक्त आणि पाळी

बॅलेत सडपातळ शरीराचं कौतुक फार. वरच्या वर्गात गेल्यावर मुली आरशात स्वतःला दुसऱ्यांशी ताडून बघतात आणि गुपचूप जेवण कमी करतात. आपल्या घरात तर कधी कधी मुळातच ताटात कमी असतं. खर्च जास्त आणि खाणं कमी झालं की शरीर काटकसर करतं, आणि पहिली काटकसर पाळीवर होते. पाळी लांबली किंवा थांबली की हाडं मजबूत ठेवणारं इस्ट्रोजेन कमी पडतं आणि हाडं कच्ची होतात. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनं २०१४ साली या अवस्थेवर खेळाडूंसाठी सविस्तर इशारा दिला. तो नाचणाऱ्या मुलींना तितकाच लागू आहे, आणि मुलग्यांनाही, कारण कमी खाण्यानं त्यांचीही हाडं कच्ची होतात.

अमेरिकेतली कृष्णवर्णीय नर्तकी मिस्टी कोपलँड हिचं उदाहरण घ्या. घरची ओढाताण इतकी की आई आणि भावंडांबरोबर मोटेलच्या खोलीत राहावं लागलं. तिनं बॅले सुरू केला तेराव्या वर्षी, आणि तोही मुलांच्या क्लबातल्या बास्केटबॉलच्या कोर्टवर. बॅलेत हे फार उशिराचं वय. पुढे २०१५ साली अमेरिकन बॅले थिएटर या नामांकित संस्थेची मुख्य नर्तकी होणारी ती पहिली आफ्रिकन-अमेरिकन स्त्री ठरली. पण त्या वाटेवर काय झालं तेही ऐका. संस्थेत नवी असताना तिच्या कमरेच्या मणक्याला तडा गेला आणि ती जवळजवळ वर्षभर नाचू शकली नाही. वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत तिला पाळी आलेली नव्हती, आणि हाडं बळकट व्हावीत म्हणून डॉक्टरांना त्यावर उपचार करावे लागले. २०१२ साली नडगीच्या हाडाला तडे गेले, शस्त्रक्रिया झाली. एवढी मोठी नर्तकी, तिलाही थांबावं लागलं. थांबली म्हणून परत उभी राहिली.

म्हणून मुलीला पंधरा वर्षांपर्यंत पाळी आली नाही, किंवा येत असलेली पाळी तीन महिने चुकली, तर "नाचते म्हणून होतं तसं" म्हणून सोडून देऊ नका. डॉक्टरांना दाखवा.

दुसरी गोष्ट रक्ताची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २०१९-२१ मध्ये देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्त कमी आढळलं. रक्त कमी असलेल्या मुलीला दम लागतो, पाय जड होतात, लक्ष लागत नाही. मग ती "क्लास झेपत नाही" म्हणते. नाच झेपतो की नाही हे ठरवायच्या आधी हिमोग्लोबिन तपासा. बारा वर्षांपुढच्या मुलीचं १२ च्या खाली नको. शाळेत किंवा अंगणवाडीत दहा ते एकोणीस वयाच्या मुला-मुलींना आठवड्याला एक लोहाची निळी गोळी मोफत मिळते. ती फेकू नका. जेवणानंतर घ्या, चहाबरोबर घेऊ नका. शौचाला काळी होते, घाबरू नका. वर्षातून दोनदा मिळणारी जंताची गोळीही घ्या.

ताट महाग असावं लागत नाही. क्लासला जायच्या तासभर आधी केळं किंवा चपाती-गूळ. आल्यावर तासाभरात उकडलेलं अंडं, नाहीतर मूठभर शेंगदाणे, नाहीतर उसळ. जेवणात भाकरी, डाळ, पालेभाजी आणि वर लिंबू पिळा, म्हणजे भाजीतलं लोह अंगी लागतं. सुकट-बोंबील काट्यासकट खाल्ले की हाडांना चुना मिळतो. नाचणीची भाकरी किंवा आंबिलही त्यासाठी चांगली. जेवणावर लगेच चहा नको.

मुलगे नाचले तर

वस्तीत मुलगा बॅले शिकतो म्हटलं की पोरं टवाळी करतात. त्यांना दोन नावं सांगा. नवी मुंबईतल्या वेल्डरचा मुलगा अमिरुद्दीन शाह आणि मुंबईतल्या टॅक्सीचालकाचा मुलगा मनीष चौहान. दोघांना मुंबईत येहुदा माओर या शिक्षकांनी बॅले शिकवला. अमिरुद्दीन २०१७ साली लंडनच्या रॉयल बॅले स्कूलमध्ये गेला. दोघांच्या आयुष्यावरून सूनी तारापोरवाला यांनी 'ये बॅले' हा चित्रपट काढला, तो २०२० मध्ये आला आणि मनीषनं त्यात स्वतः काम केलं. दोघांनीही उशिरा सुरुवात केली आणि प्रचंड मेहनत केली. पण ती मेहनत शिक्षकाच्या नजरेखाली होती. मुलं सिनेमा बघतात, त्यातली मेहनत त्यांना दिसते, मागे उभा असलेला शिक्षक लक्षात येत नाही.

शिक्षिकेशी बोला

आपल्या बायका डॉक्टरांशी बोलतात, पण क्लासच्या शिक्षिकेसमोर गप्प बसतात. फी माफ आहे, मग कशाला तक्रार, असं वाटतं. ही तक्रार नव्हे. सरळ तीन प्रश्न विचारा. माझी मुलगी नेमकी कशात मागे आहे? घरी काय करायचं आणि किती वेळा? घरी काय करायचं नाही? आणि एक गोष्ट स्वतःहून सांगा, की आमच्या घरी लादी आहे, जागा एवढीच आहे. स्टुडिओत राहणाऱ्या शिक्षकांच्या हे ध्यानात येतंच असं नाही. दुखत असेल तर मुलीनं ते क्लासमध्ये बोललं पाहिजे. दुखणं लपवणाऱ्या मुलीला शिक्षिका मदत करू शकत नाहीत.

आमची मुलगी चार आठवडे उड्यांच्या वेळी भिंतीशी उभी राहून हातांनी मार्किंग करत होती. पहिल्या दिवशी रडून आली. तिसऱ्या आठवड्यात सांगत आली, "मावशी, आज मॅडमनी साखळी सांगितली आणि मी कुणाकडे बघितलंच नाही." नडगी आता दुखत नाही. उड्या सुरू झाल्यात, दिवसाला मोजून, फक्त क्लासमध्ये. अजून ती मागच्याच ओळीत आहे. पण क्लास चालू आहे.

भिंतीवर लावण्यासाठी

- घरी ताकद, तोल आणि वही. उड्या फक्त क्लासमध्ये.
- पंचवीस मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. एक दिवस पूर्ण सुट्टी.
- बोटांच्या टोकांवर उभं राहणं, दाबून पाय फाकवणं, पावलं ओढून वळवणं बंद.
- एका बोटानं दाखवता येणारं हाडाचं दुखणं, रात्रीचं दुखणं, सूज, लंगडणं, थांबा आणि दाखवा.
- क्लासच्या आधी आणि नंतर खाणं. निळी गोळी. हिमोग्लोबिन. पाळीची तारीख कॅलेंडरवर लिहा.
- शिक्षिकेला तीन प्रश्न विचारा.